कितव्या तासाला लिहिलंस?

या वेळी पत्रं जरा जास्तच आलीत आणि त्यातली निम्मी एकाच गेमच्या तारखेबद्दल आहेत, कोणता गेम ते तुम्हाला माहितीये, जीटीए ६, त्याचं उत्तर खाली एकदाच दिलंय. नवीन वाचकांसाठी सांगते, मी काही या धंद्यातली नाही, दिवसा हिशेबाचं काम करते, रात्री सगळं आवरलं की तास-दीड तास कंट्रोलर हातात घेते आणि सुट्टीच्या दिवशी त्याबद्दल लिहिते. तेव्हा उत्तरं हौशी बाईची आहेत हे धरूनच वाचा.

ताई, मला गेमचे रिव्ह्यू लिहायला सुरुवात करायचीये. मित्र म्हणतो पूर्ण संपवल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही. पण साठ-सत्तर तासांचा गेम अभ्यास सांभाळून मी कधी संपवणार?
— अकरावीतला एक वाचक

मित्राचं अर्धं बरोबर आहे. आठ-दहा तासांची गोष्ट सांगणारा गेम असेल तर संपव बाबा, कारण अशा गेमचा शेवटच बऱ्याचदा सगळ्यावर पाणी फिरवतो नाहीतर सगळं तारून नेतो, आणि तो न बघता लिहिणं म्हणजे इंटरव्हलला उठून येऊन सिनेमा कसा होता ते सांगणं. पण गाड्यांच्या शर्यतीचा गेम, मारामारीचा गेम, ऑनलाइन शूटर, हे 'संपले' म्हणजे नक्की काय? तिथं संपवायचा हट्टच चुकीचा.

मोठ्या रोलप्लेइंग गेमचं वेगळं आहे. 'बाल्डर्स गेट ३' ऑगस्ट २०२३ मध्ये पीसीवर आला आणि पुढच्याच महिन्यात पीएस५ वर. पहिला अंक सुंदर, पण तिसऱ्या अंकात तुम्ही मोठ्या शहरात शिरता आणि तिथं माणसांची गर्दी एवढी की गेम अडखळायला लागायचा, नंतर पॅच, म्हणजे दुरुस्तीचे अपडेट, येत गेले तसं ते बरंच सुधारलं. आता ज्याने पहिल्या अंकावरच रिव्ह्यू लिहिला त्याला हे कळणारच नाही ना. त्याने खोटं लिहिलं असं नाही, फक्त तो कुठवर पोचला होता ते सांगितलं नाही तर वाचणाऱ्याची फसगत होते. म्हणून माझा नियम एकच: कितव्या तासाला लिहितेय, कुठल्या कन्सोलवर, कुठल्या अपडेटनंतर, आणि कुठल्या डिफिकल्टीवर, हे पहिल्या दोन ओळींत टाकायचं. मग वीस तासांचा रिव्ह्यूही चालतो. वीस तास खेळून सत्तर तासांचा आव आणला की मात्र पकडला जातोस, गेमवाल्या वाचकांएवढे खडूस वाचक दुसरीकडे नाहीत.

आणि एक सांगू का, तुझ्याकडे वेळ कमी आहे हा तुझा फायदा आहे. पोटासाठी रिव्ह्यू लिहिणाऱ्याला साठ तासांचा गेम बऱ्याचदा पाच-सहा दिवसांत संपवावा लागतो, रोज दहा-दहा तास. तेवढा सलग खेळला की त्याच त्या साइड मिशनचा, म्हणजे मुख्य गोष्टीबाहेरच्या कामगिरीचा, वीट येतो आणि तो लिहितो 'गेम रटाळ आहे'. तोच गेम रोज एक तास खेळणाऱ्याला ते मिशन छान विरंगुळा वाटतो. आणि उलटंही होतं. तू परीक्षेमुळे दहा दिवस गेम सोडलास, परत आलास, आणि कुठलं बटण काय करतं हेच आठवत नाही, कुठं चाललो होतो तेही नाही. गेम तेव्हा तुला हात देतो का? मागचा गोषवारा दाखवतो का, नकाशावर खूण ठेवतो का? हे सलग खेळणाऱ्याला कधी जाणवतच नाही आणि आपल्यासारख्या बहुतेकांना हेच सगळ्यात जास्त लागतं. हे लिही.

वही ठेव एक. मी तीन गोष्टी टिपते: पहिल्या तासाला काय वाटलं, पाचव्या तासाला काय वाटलं, आणि कंट्रोलर खाली ठेवताना परत उचलावासा वाटत होता का नुसतं सवयीने उचलला. तिसरी नोंद सगळ्यात कामाची.

७/१० म्हणजे चांगला का वाईट? शाळेत ७० टक्के म्हणजे फर्स्ट क्लास, गेमला ७ मिळाले की लोक 'फ्लॉप' म्हणतात. हे काय गणित आहे?
— एक शिक्षक

सर, तुम्ही नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. कागदावर मोजपट्टी दहाची आहे पण वापरात ती सहा ते दहाच उरलीये. एक कारण साधं आहे, खरोखर टाकाऊ गेम एवढे निघतात की त्यांच्यावर कोणी रिव्ह्यू लिहायला बसत नाही, मग ज्यांवर लिहिलं जातं ते आधीच गाळून आलेले असतात. दुसरं कारण मेटाक्रिटिक. २००१ पासून ही साइट सगळ्यांचे स्कोअर १०० पैकी करून सरासरी काढते, आणि गेमसाठी ७५ पासून वर हिरवा रंग, ५० ते ७४ पिवळा, त्याखाली लाल. म्हणजे तुमचा फर्स्ट क्लास तिथं पिवळा पडतो! आणि गंमत म्हणजे सिनेमांना तिथं ६१ पासूनच हिरवा मिळतो.

हा नुसता रंगांचा खेळ असता तर सोडून दिलं असतं. पण २०१० चा 'फॉलआउट: न्यू व्हेगास' घ्या. गेम बनवणाऱ्या ऑब्सिडियनला मेटाक्रिटिकवर ८५ मिळाले असते तर बोनस मिळणार होता, मिळाले ८४. हे २०१२ मध्ये त्याच कंपनीतल्या एका बड्या डिझायनरने जाहीरपणे सांगितलं. एक मार्क. आता तुम्ही म्हणाल मग रिव्ह्यू लिहिणाऱ्याने दया दाखवावी का, तर नाही, पण स्कोअर देताना हात थोडा थरथरायला हरकत नाही.

जपानमधलं 'फामित्सू' मासिक वेगळ्या पद्धतीने करतं, चार जण प्रत्येकी दहापैकी देतात, बेरीज चाळीस. पहिले चाळीसपैकी चाळीस १९९८ मध्ये झेल्डाच्या 'ओकारिना ऑफ टाइम'ला मिळाले. मला ही पद्धत आवडते, कारण ९, ९, ८, ५ असं दिसलं की लगेच कळतं की इथं काहीतरी भांडण आहे, आणि भांडण असलेला गेम मला हमखास बघावासा वाटतो. सरासरी काढली की नेमकं ते भांडणच नाहीसं होतं. मी स्वतः स्कोअर देते कारण संपादक मागतात. माझं ७ म्हणजे तुमचा फर्स्ट क्लासच समजा.

जीटीए ६ नक्की कधी येणार?? रोज नवीन तारीख वाचतो. कुठली बातमी खरी ते कसं ओळखायचं?
— बऱ्याच जणांचा मिळून एक प्रश्न

अधिकृत हिशेब असा. डिसेंबर २०२३ मध्ये पहिला ट्रेलर आला (तोही आधीच फुटला म्हणून घाईघाईत टाकला) तेव्हा २०२५ सांगितलं होतं. मे २०२५ मध्ये सांगितलं २६ मे २०२६. नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितलं १९ नोव्हेंबर २०२६. हे मी लिहितेय तेव्हाचं, आणि यातलं एकही मला कोणाच्या चुलतभावाने सांगितलेलं नाही, तिन्ही हा गेम बनवणाऱ्या रॉकस्टारनेच जाहीर केलेल्या तारखा आहेत. बाकी सगळं हवेतलं.

ओळखायचं कसं, तर बातमी वाचताना एकच बघायचं, हे म्हणालं कोण. कंपनी स्वतः म्हणाली, कंपनीच्या गुंतवणूकदारांना दिलेल्या कागदात आहे, नाव असलेल्या पत्रकाराने स्वतःचे सूत्र सांगून लिहिलंय, की 'एका यूट्यूबरने म्हटल्याचं एका साइटने म्हटलंय'. शेवटच्या प्रकारात दहा साइट्सवर तीच बातमी दिसली तरी ती दहा वेळा खरी होत नाही, एकच अफवा दहा वेळा छापलेली असते.

हे काही इंटरनेटने आणलेलं नाही हो. १९९२ च्या एप्रिल महिन्यात 'इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथली' या अमेरिकन मासिकाने छापलं की 'स्ट्रीट फायटर २' मध्ये शेंग लाँग नावाचा लपलेला लढवय्या आहे, त्याच्यापर्यंत पोचायचं तर एकही मार न खाता सगळे हरवायचे, मग शेवटच्या बायसनसमोर ना मारायचं ना मार खायचा, असे दहा राउंड काढायचे. एप्रिल फूल होतं! मुळात 'शेंग लाँग' हा शब्दच भाषांतराच्या घोळातून आलेला, गेममधल्या र्यू या लढवय्याच्या शोर्युकेन या फटक्याचं नाव इंग्रजीत येताना माणसाच्या नावासारखं झालं. पण दुसऱ्या मासिकांनी शहानिशा न करता उचललं आणि पोरांनी आर्केडमध्ये नाण्यांची रास घातली. युक्ती मुद्दाम एवढी अवघड ठेवली होती की कोणी खोटी ठरवूच शकणार नाही, जमली नाही की वाटणार आपलंच चुकलं. आजची अफवाही अशीच असते बघा, 'लवकरच', 'येत्या काही आठवड्यांत', 'अंतर्गत सूत्रांनुसार प्लॅन बदलू शकतो'. चूक निघायची सोयच ठेवलेली नसते.

लीक मात्र कधीकधी खरे असतात हेही मान्य करायला पाहिजे. सप्टेंबर २०२२ मध्ये याच गेमच्या अर्धवट अवस्थेतल्या ९० च्या आसपास क्लिप्स चोरीला जाऊन बाहेर आल्या आणि रॉकस्टारने स्वतः कबूल केलं. पण तेव्हाही लोकांनी काय केलं, अर्धवट भिंती बघून 'ग्राफिक्स फालतू' म्हणाले. बांधकाम चालू असलेल्या घराच्या रंगाला नावं ठेवण्यातला प्रकार.

मुलगा म्हणतो कन्सोलवर 'परफॉर्मन्स' लावायचं, नवरा म्हणतो 'क्वालिटी' लावायचं. रोज भांडण. मला दोन्हीत फरक दिसत नाही. कोण बरोबर?
— एक आई

दोघंही. टीव्हीवरचं चित्र म्हणजे भराभर पलटणारी पानं. क्वालिटी मोडमध्ये कन्सोल प्रत्येक पान निगुतीने रंगवतो पण सेकंदाला ३० च पानं देतो, म्हणजे एक पान ३३ मिलिसेकंदांचं. परफॉर्मन्समध्ये रंगरंगोटी थोडी कमी पण पानं ६०, एक पान साधारण १७ मिलिसेकंदांचं. शांतपणे हिंडायचं, निसर्ग बघायचा, अशा गेमला तुमच्या यजमानांचं ऐका. बटण दाबल्या क्षणी उडी बसली पाहिजे अशा गेमला मुलाचं.

आणि भांडण मिटवायचंच असेल तर काही गेममध्ये ४० चा मधला मोड असतो, 'रॅचेट अँड क्लँक: रिफ्ट अपार्ट'ला २०२१ मध्ये अपडेटने दिला होता तसा. ४० हा आकडा ३० च्या जवळचा वाटतो पण पान पडतं २५ मिलिसेकंदांचं, म्हणजे ३३ आणि १७ च्या बरोबर मध्ये. फक्त टीव्ही १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा, लागतो, कारण १२० ला ४० ने नीट भाग जातो, ६० ला जात नाही.

तुम्हाला फरक दिसत नाही यात काही कमीपणा नाही बरं का. कंट्रोलर तुमच्या हातात नसतो ना, आणि हा फरक डोळ्यांपेक्षा अंगठ्याला जास्त कळतो. एकदा दहा मिनिटं स्वतः खेळून बघा.

तुम्ही मागे त्या उड्या मारायच्या गेमला ५ दिलेत, कंट्रोल्स 'चिकट' आहेत म्हणालात. मी तो तीनदा संपवलाय, कंट्रोल्स लोण्यासारखे आहेत. तुम्हाला खेळता येत नाही हे कबूल करा.
— एक चिडलेला वाचक

खेळता बेताचंच येतं, ते आधीपासून कबूल आहे. पण तुमचं पत्र आल्यावर मी तो गेम बहिणीकडे जाऊन तिच्या टीव्हीवर लावला, आणि अहो, वेगळाच गेम! उडी म्हटलं की उडी. घरी येऊन बघितलं तर आमच्या टीव्हीचा गेम मोड बंद. कोणीतरी सिनेमा बघताना पिक्चर मोड बदलून ठेवला होता आणि तो तसाच राहिला. गेम मोड नसला की टीव्ही प्रत्येक चित्रावर स्वतःचं काहीतरी संस्कार करत बसतो, कडा घासूनपुसून घे, मधली पानं स्वतःच्या मनाने भर, आणि त्यात बटण आणि उडी यांच्यामध्ये काही टीव्हींवर मिलिसेकंदांचं शतक होतं. वरच्या ताईंना मी १७ आणि ३३ चं पुराण सांगितलं, आणि माझ्या स्वतःच्या घरी शंभराचा खड्डा!

म्हणजे दोन आठवडे मी टीव्हीचा रिव्ह्यू लिहिला आणि गेमच्या नावावर छापला. तो ५ मी खोडलेला नाही, खोडला तर चूकही पुसली जाईल, पण खाली काय झालं ते लिहिलंय आणि नवीन ७ दिलाय. (शिक्षकांनी नोंद घ्यावी, फर्स्ट क्लास.) आता कुठलाही गेम सुरू करण्याआधी टीव्हीचा मोड बघते. तुमचे आभार, पत्राची भाषा मात्र पुढच्या वेळी जरा कमी तिखट चालेल.

कंपनीकडून गेम फुकट उतरवायचा कोड मिळाला तर चांगलंच लिहावं लागतं का? आणि ते एम्बार्गो काय असतं?
— दोन-तीन पत्रांतून

एम्बार्गो म्हणजे अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत काही छापायचं नाही एवढीच अट, त्यात वाईट काही नाही, उलट सगळ्यांना एकच वेळ मिळाली की पहिलं येण्याची पळापळ थांबते. कोड घेतला म्हणून चांगलं लिहावं लागत नाही. लागत असेल तर तो रिव्ह्यू नाही, जाहिरात आहे, आणि तसं स्पष्ट लिहायचं. माझ्याकडे कोड फार येत नाहीत, आलाच तर मी पहिल्या ओळीत सांगते.

खरी मेख दुसरीकडेच असते, कोड कशासाठी दिला आणि काय दाखवायची परवानगी दिली. 'सायबरपंक २०७७' डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हा आधी फक्त पीसीचे कोड वाटले होते, आणि रिलीज होईपर्यंत स्वतः रेकॉर्ड केलेलं काही दाखवायचं नाही, कंपनीचेच व्हिडिओ वापरायचे. पीसीवर रिव्ह्यू भरभरून आले. मग गेम पीएस४ आणि एक्सबॉक्स वन या जुन्या कन्सोलवर लोकांच्या हातात पडला आणि बोंब झाली, माणसं भिंतीत घुसतायत, गेम मध्येच बंद पडतोय, आणि आठवड्याभरात सोनीने तो स्वतःच्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला. परत यायला जून २०२१ उजाडलं. रिव्ह्यू लिहिणाऱ्यांपैकी कोणी खोटं बोललं नव्हतं, त्यांनी जे खेळलं तेच लिहिलं होतं, फक्त वाचणाऱ्यांपैकी लाखो जणांकडे ती मशीनच नव्हती. म्हणून तर मी 'कशावर खेळलं' याचा एवढा धोशा लावते.

सगळेच कोड देत नाहीत हेही लक्षात ठेवा. २०१९ मध्ये जाहीर झालेला 'हॉलो नाइट: सिल्कसाँग' ४ सप्टेंबर २०२५ ला आला तेव्हा तो बनवणाऱ्या टीम चेरीने कोणालाच आधी कॉपी दिली नाही, ज्या लोकांनी सुरुवातीला पैसे घालून साथ दिली त्यांच्याआधी समीक्षकांनी खेळावं हे त्यांना पटेना. मग काय, एकाच वेळी सगळे तुटून पडले, ऑनलाइन दुकानं कोलमडली, आणि कितीतरी दिवस एकही पक्का रिव्ह्यू नव्हता. मला तर मजा आली. पहिल्यांदाच पगारी आणि हौशी एका रांगेत.

निन्टेंडोच्या स्विच २ कन्सोलचा गेम दुकानातून आणला, कार्ड घातलं, तरी डाउनलोड मागतोय. फसवलं का मला?

नाही, ते 'गेम-की कार्ड' आहे. कार्डात फक्त किल्ली, गेम नेटवरून उतरवायचा, आणि नंतरही खेळताना कार्ड आत लागतं. मित्राला देता येतं, विकताही येतं, पण नेट आणि जागा पाहिजे. डब्यावर पुढेच लिहिलेलं असतं, घेताना बघत जा.

ताई, मी पहिला रिव्ह्यू लिहिलाय, छापाल का? 'ग्राफिक्स खूप चांगले आहेत. साउंड खूप चांगला आहे. गेमप्ले खूप चांगला आहे. स्टोरी ठीक आहे. ८/१०.' ता.क. तिसऱ्या बॉसला मी चार दिवस अडकलो होतो. आजी रोज शेजारी बसून बघायची, तिला गेममधलं काही कळत नाही, पण चौथ्या दिवशी तीच म्हणाली की अरे तो मारायच्या आधी डावा खांदा वर करतो. मग मी जिंकलो.
— सातवीतला वाचक

वरचा रिव्ह्यू नाही छापत. ती चार वाक्यं कुठल्याही गेमला चिकटतील, उद्या क्रिकेटच्या गेमखाली लावलीस तरी कोणाला पत्ता लागणार नाही.

पण तुझ्या ता.क. मध्ये केवढं सापडलं बघ. बॉस, म्हणजे टप्प्याच्या शेवटचा मोठा शत्रू, अवघड आहे, चार दिवस लागले. पण अन्याय करत नाही, मारण्याआधी खूण देतो. ती खूण एवढी स्वच्छ दाखवलीये की कधी कंट्रोलर हातात न धरलेल्या आजींनाही दिसली, म्हणजे ग्राफिक्स 'चांगले' आहेत ते असे चांगले आहेत. आणि चार दिवस हरूनही तू सोडला नाहीस, ते का ते मला वाचायचंय. हरल्यावर गेम लगेच परत बॉससमोर उभा करायचा की लांबून चालत यायला लावायचा? स्टोरी 'ठीक' म्हणजे कंटाळा कुठं आला?

आता तिथूनच सुरू कर, बॉसपासून. कन्सोल कुठला, डिफिकल्टी कुठली आणि किती तास झालेत ते वर टाक. आणि आजींना विचार, अजून काय काय दिसलं त्यांना.